पुतळ्याचं पोलकं

मी शिकवत नाही. मी पुतळे पुसतो.
दोन नंबरच्या हॉलमध्ये, पंखे लावायच्या आधी,
स्पिरिटच्या बोळ्यानं
त्यांच्या ओठांवरचे कालचे श्वास काढतो.
सगळे गडी. छाती फळीसारखी,
पाय नाहीतच, कमरेपाशी माणूस संपतो.
पोरं त्याला पैलवान म्हणतात.

शाबादी मॅडम एक दिवस दारातच थांबल्या.
"अंबादास, तू आधी युनिफॉर्म शिवायचास ना?
यातल्या एकाला बाई कर."
मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

रात्री घरी, विडी घरकुलात,
चादरीच्या कारखान्यातलं उरलेलं सूत
दोन वाट्यांत भरलं, तळहातावर तोलून पाहिलं.
बटणं पुढून, चार.
माप कुणाचं घ्यायचं?
ते हातालाच पाठ होतं.
अम्माची पोलकी मीच शिवायचो.
छत्तीस, बाही कोपरापर्यंत,
डावा खांदा अर्धा इंच उतरता,
मांडीवर सूप घेऊन
रोज हजार विड्या वळणाऱ्या बाईचा असतो तसा.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पुतळा टेबलावरून फरशीवर घेतला.
पोलकं, वरून जुनी साडी.
"भाजी आणायला निघालेली, अशोक चौकात पडली. चला."
कालपर्यंत पैलवानाची छाती
धाडधाड दाबणारी पोरं.
आज पुढं कोण येईना.
एकानं पदर सारखा केला.
एकानं हात इतका वर ठेवला की गळाच दाबला असता.
मागं कुणीतरी फिसकन हसलं.
मॅडम घड्याळ बघत होत्या.
चाळीस सेकंद.
"मेली," त्या म्हणाल्या. "पदर मात्र नीट आहे."

मग बोलत राहिल्या, खडू हातातच, फळ्यावर काही नाही.
पुस्तकातला पेशंट सत्तर किलोचा पुरुष,
छातीवर मूठ धरतो, घामानं भिजतो, तुम्हाला तोच ओळखता येतो.
बाईच्याही छातीत दुखतं,
पण ती आधी थकवा सांगेल, मळमळ सांगेल,
पाठ म्हणेल, जबडा म्हणेल,
आणि तुम्ही लिहाल: पित्त. किंवा: टेन्शन.
मागावरचा गडी नुसतं म्हणतो, झोप येत नाही,
त्याच्या रडण्याला तुमच्याकडं रकानाच नाही.
आणि परवा चांदणीला बायकांत टाकू की पुरुषांत
म्हणून स्ट्रेचर दोन तास व्हरांड्यात होतं.
तेवढ्यात तिचा ताप कुणी मोजला?

मी खिडकीशी. हातातला बोळा
जबडा या शब्दापाशी थांबलेला.

अम्मा म्हणाली होती, दवड. दवड नोप्पी.
केसपेपरच्या खिडकीवर मराठीत मीच सांगितलं:
दाढ दुखतीय.
डॉक्टरनं तोंड उघडायला लावलं.
तिच्या तोंडात दातच तीन उरलेले, तेही पुढचे.
त्यानं विचारलं नाही, मला सुचलं नाही.
लवंगेचं तेल घेऊन आम्ही रिक्षानं परत आलो,
वाटेत तिला दोनदा उमासा आला, मी म्हणालो, ऊन लागलं.
दवड म्हणजे जबडा.
मराठीत दवडणं म्हणजे काय,
ते तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.

"अजून कोण?"
शिवलीला बिराजदार पुढं आली, अक्कलकोटची,
वर्गात कधी तोंड न उघडणारी.
गुडघे टेकले, पदर बाजूला फेकला,
बटणांशी झटली, तिसरं निघेना, सरळ ओढलं,
आणि मोठ्यानं मोजू लागली.
अकरा, बारा.
एकोणिसाव्याला डाव्या खांद्याची शिवण उसवली.
ती थांबली नाही.
तीस.

पोलकं संध्याकाळी घरी आणलं.
खांद्याला दुहेरी टीप मारली.
चारी बटणं काढली,
तिथं टिचबटणं लावली.
एका झटक्यात निघतात.